बाण डावीकडे जातो

कापसाचा हंगाम सुरू झाला की आदिलाबादच्या हवेत रुई तरंगायला लागते. जिनिंगच्या फाटकापासून गाड्यांची रांग थेट मोठ्या रस्त्यावर येते, बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकतात आणि घराघरांतल्या पंख्यांच्या पात्यांवर, देवांच्या तसबिरींवर, चहाच्या सायीवरसुद्धा ती बारीक लव येऊन बसते. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या थंडीत भुक्तापुरातल्या डॉक्टर सुधाकररावांच्या घरून निरोप आला, की कंप्यूटरचा माउस येड्यासारखा करून राह्यला, तेव्हा अनंतरावांना काही विशेष वाटलं नाही. त्यांनी पिशवीत एक चिमटा, स्पिरिटची बाटली आणि मलमलचा तुकडा टाकला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि सायकल काढली.

अनंतराव आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. मग हैदराबादला जाऊन कंप्यूटरचं काम शिकून आले. गावात कंप्यूटर बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे तेलुगू असो की मराठी, सगळे त्यांना ‘कंप्यूटरसार’ म्हणायचे. माणूस शांत, कामात चोख. नवस, गंडेदोरे, कुणाची नजर लागणं, असल्या गोष्टी घरात निघाल्या तर ते ताटावरून लवकर उठत. बिघाड म्हणजे कुठंतरी सुटलेली तार, झिजलेला भाग किंवा साचलेला कचरा. चौथा प्रकार त्यांनी पाहिला नव्हता.

डॉक्टरांचं घर बैठं, लांबोळं. पुढे पेशंट बसायची खोली, मग तपासणीची, तिच्या मागं एक लहानशी खोली, तिच्या पलीकडं आणखी एक खोली आणि सगळ्यांच्या शेवटी स्वयंपाकघर. मधल्या लहान खोलीत भिंतीला लावलेल्या टेबलावर कंप्यूटर होता. डॉक्टरांच्या पत्नी वनमालाबाई त्यावर पेशंटांची माहिती भरायच्या. त्या निर्मलच्या, बी.कॉम. झालेल्या; लग्नानंतर कित्येक वर्षांनी हाताला असं काम मिळालं म्हणून त्यांना कंप्यूटरचं फार अप्रूप होतं.

“हा बाण पाहा,” त्या म्हणाल्या. “मी हातसुद्धा लावलेला नाही.”

पडद्यावरचा बाण हलत होता. सावकाश, डावीकडे. कडेला जाऊन थांबला, मग थोडा वर सरकला, पुन्हा खाली आला.

अनंतरावांनी माउस उलटा केला, झाकण फिरवून आतली गोळी काढली. तिच्याबरोबर रुईची एक वळीच बाहेर आली. गोळी ज्या बारक्या दांड्यांवर फिरते त्यांनाही लव गुंडाळली होती. त्यांनी चिमट्यानं ती सोडवली, स्पिरिटनं सगळं पुसलं.

“आदिलाबादच्या उंदराला कापूसच खायला मिळणार, वैनी,” ते म्हणाले.

वनमालाबाई हसल्या नाहीत. “बंद होईल ना?” एवढंच विचारलं.

बाण जागच्या जागी उभा होता. अनंतराव चहा पिऊन परतले.

चार दिवस गेले असतील नसतील, पुन्हा निरोप.

या वेळी त्यांनी खिडकी पाहिली. दुपारचं ऊन तिरपं टेबलावर येत होतं. माउसच्या आत बारीक दिवा असतो आणि त्याचा उजेड मोजणारा डोळा असतो. वरचं प्लॅस्टिक पातळ असेल तर ऊन आत शिरतं आणि तो डोळा फसतो. हे त्यांनी वनमालाबाईंना नीट समजावून सांगितलं आणि खिडकीला जाड पडदा लावायला लावला. खोलीत अंधार झाला. त्या अंधारात कंप्यूटरच्या उजळलेल्या पडद्यावर बाण पुन्हा निघाला, डावीकडे.

त्यांनी नवा माउस लावला. तेच. कंप्यूटरमधला माउसचा प्रोग्राम काढून नव्यानं टाकला. तेच. मग त्यांनी मागून माउसची तारच काढून घेतली आणि खुर्ची मागं सरकवून पाहत बसले. तार हातात होती, तिचं टोक त्यांच्या मांडीवर होतं, आणि बाण सावकाश वर चालला होता.

“हे मी पाहिलेलं नाही अजून,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

कंप्यूटरचा डबा त्यांनी सायकलला बांधून दुकानात नेला. तिथं तो शहाण्या मुलासारखा वागला. दिवसभर चालू ठेवला. बाण जिथं ठेवला तिथं. परत आणून डॉक्टरांच्या टेबलावर लावला आणि दुपार कलायच्या आत तो डावीकडे निघाला. म्हणजे दोष डब्यात नव्हता. जागेत होता.

याचा अनंतरावांना आनंदच झाला. जागेत म्हणजे विजेत. अर्थिंग नसेल किंवा भिंतीतून एखादी उघडी तार जात असेल. त्यांनी टेबलामागच्या भिंतीवर हात फिरवला. थंड, चुन्याची भिंत.

“हिच्या पलीकडं काय आहे?”

“आत्याबाईंची खोली,” वनमालाबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे डॉक्टरांच्या आई, रेणुकाबाई. त्यांच्याबद्दल गावात सगळ्यांना माहीत होतं. बेल्याकडच्या एका खेड्यात नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं कापूस आणि ज्वारी पिकवली आणि मुलाला डॉक्टर केलं. पुढं मुलानं आग्रहानं शहरात आणलं. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास त्यांना लकवा झाला. हातपाय गेले, वाचा गेली. हैदराबादला नेऊन दाखवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की शरीर जगतंय, आत जाणीव काही उरली नाही. तेव्हापासून त्या पलंगावर होत्या. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सोजरबाई करायची.

सोजरबाई ओसरीत तांदूळ निवडत होती. तिला अनंतरावांनी सहज विचारलं, बाईंच्या खोलीत पंखा, हीटर असं काही चालू असतं का.

“काई नाई, साहेब. थंडीत पंखा काऊन लावू? मी असते तवा दिवा बी नसतो. मायबाईपाशी बसते, गावाकडच्या गोष्टी सांगते. मी जेवाले उठली का खोलीत कोनीच नसते.”

अनंतरावांच्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट आली आणि त्यांनी ती बाजूला सारली. बाण भटकायचा तो दुपारी, सोजरबाई जेवायला उठल्यावर. पण हा योगायोगही असू शकतो; दुपारी जिनिंगची यंत्रं जोरात चालतात, गावातला वीजदाबच खालीवर होतो.

ते त्या खोलीत गेले. शेणानं सारवलेली नसली तरी खोलीला गावाकडच्या घराचा वास होता. सोजरबाई कडुनिंबाची धुरी द्यायची. लोखंडी पलंग, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीखाली इतकं थोडं शरीर, की आधी पलंग रिकामाच वाटला. रेणुकाबाईंचं तोंड जरा एका बाजूला ओढलेलं होतं. डोळे उघडे होते.

सोजरबाई त्यांच्या मागून आत आली. “मायबाई, हे पाहा, अनंतराव आले. मशीनवाले,” असं म्हणून तिनं चादर सारखी केली आणि ती जेवायला गेली.

अनंतराव पलंगामागच्या बटणांपाशी वाकले. खोलीतली सगळी बटणं बंद केली. त्या खोलीपुरता वेगळा असलेला फ्यूज काढून खिशात टाकला. आता या भिंतीत वीज नव्हती.

“वैनी,” त्यांनी भिंतीपलीकडे आवाज दिला, “बाण कसा आहे, सांगत राहा.”

“डावीकडं चालला,” पलीकडून आवाज आला.

त्यांनी भिंतीच्या खालच्या कडेनं काही तार दिसते का पाहिलं. काही नव्हतं.

“आता वर.”

ते उठून उभे राहिले. सहज त्यांची नजर पलंगावर गेली. रेणुकाबाई वर पाहत होत्या, आढ्याकडे.

“खाली येऊन राह्यला.”

डोळे खाली आले.

अनंतराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. डोळे त्यांच्यावर येऊन थांबले.

“थांबला,” वनमालाबाई म्हणाल्या. “मधोमध.”

 अनंतरावांनी एक पाऊल बाजूला टाकलं. मग आणखी एक, खिडकीच्या दिशेनं.

“उजवीकडं निघाला.”

ते परत पायथ्याशी आले.

“मधी आला.”

बाहेर रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा बराच वेळ ऐकू येत राहिल्या. मग अनंतराव पलंगावर थोडे वाकले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “बाई, तुम्हाला ऐकू येतं?”

रेणुकाबाईंनी डोळे मिटले.

“अनंतराव,” पलीकडून आवाज आला, “बाण दिसेना झाला.”

त्यांनी डोळे उघडले.

“आला,” वनमालाबाई म्हणाल्या.

अनंतराव त्या खोलीतून बाहेर आले. मोरीपाशी डॉक्टर हात धूत होते. सज्जन माणूस; सकाळपासून पेशंट पाहून डोळ्यांखाली काळं आलेलं.

“सापडलं का काही?”

“डॉक्टरसाहेब,” अनंतराव म्हणाले, “आईंना कळत असेल का हो, आपण बोलतो ते?”

डॉक्टर हात पुसायचे थांबले. टॉवेल तसाच हातात राहिला.

“कळत असतं,” ते म्हणाले, “तर मी असा पुढच्या खोलीत पेशंट पाहत बसलो असतो का, अनंतराव? वर्षभर मीपण आशा धरली होती. डोळे हलतात, ते आपोआप हलतात. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते मी मानलं, म्हणून तर जेवू शकतो.”

आता बोलायचं ते काय? तुमच्या आईचे डोळे जिकडे जातात तिकडे तुमच्या कंप्यूटरचा बाण जातो, म्हणून? हे एका शिकलेल्या मुलाला, त्याच्याच अंगणात, कोणत्या तोंडानं सांगायचं? अनंतरावांनी नंतर स्वतःला पुष्कळदा हेच कारण दिलं. पण त्या क्षणी त्यांना सांगता आलं असतं. शब्द ओठांवर होते. सांगितलं नाही, कारण ते भ्याले होते. त्या पलंगावरचे डोळे पुन्हा आपल्यावर येऊ नयेत आणि तो बाण एकदाचा थांबावा, एवढंच त्यांना हवं होतं.

वनमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

“टेबल तिथून हलवला, अगदी पुढच्या खोलीत नेला, तर थांबेल का?” त्यांनी विचारलं.

“थांबेल,” अनंतराव म्हणाले.

ते आत पोचेपर्यंत वनमालाबाईंनी प्लग काढलाही होता.

पेशंट बसतात त्या खोलीच्या कोपऱ्यात टेबल मांडलं. बाण मधोमध उभा राहिला, तो हलला नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली, म्हणाले, शेवटी जागेचाच दोष निघाला. अनंतरावांनी फ्यूज परत बसवायला सोजरबाईच्या हाती दिला. ते स्वतः त्या खोलीत पुन्हा गेले नाहीत.

हंगाम पुढं सरकला. दुकानात दुसरी कामं आली. पण रेडिओ उघडून बसलं तरी त्यांच्या मनात तेच फिरायचं. रात्री पत्नीनं, कुसुमबाईंनी विचारलं, की जेवणात लक्ष का नाही, तर त्यांनी दाढ दुखते म्हणून सांगितलं. मग एक दिवस त्यांनी दुकानातल्या कंप्यूटरवर एक पान तयार केलं. मराठी अक्षरं टाकायची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून चित्रासारखी काढली, हातानं, मोठी मोठी: अ, आ, इ, ई, सगळी मुळाक्षरं पडद्यावर ऐसपैस मांडलेली, प्रत्येकाभोवती चौकट. तसाच कागद बाईंच्या पलंगासमोर लावायचा; बाण ज्या चौकटीवर थांबेल ते अक्षर. इतकं सोपं होतं. हे त्यांना त्या दुपारीच सुचायला हवं होतं. पान फ्लॉपीत घातलं, फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ती खिशात घेऊन ते पुष्कळ दिवस फिरले. काय म्हणून जायचं, हे ठरत नव्हतं.

शेवटी गेले तेव्हा सोजरबाई ओसरीत एकटीच बसली होती.

“मायबाई कशा आहेत?”

“हायेत,” ती म्हणाली. “पन डोळे नाई उघडत, साहेब. तुमी मशीन पुढं नेली ना, त्याच दुपारी मी जेवून आली तं डोळे मिटलेले. मी म्हनलं झोपल्या. तवापासून उघडलेच नाईत. घास देते तं गिळतात. मी गोष्ट सांगते तं ऐकतात का नाई, काय मालूम.”

आतून वनमालाबाई आल्या. अनंतरावांनी खिशाला हात लावला.

“वैनी, टेबल पुन्हा मधल्या खोलीत नेऊन पाहायचा का? थोडा वेळ. मला एक तपासायचं होतं.”

“चांगला चालतोय आता,” त्या म्हणाल्या. “राहू द्या.”

त्यांनी आणखी एकदा म्हणून पाहायला हवं होतं. म्हटलं नाही. फ्लॉपी घेऊन गेले तशी घेऊन आले.

संक्रांत झाली आणि रेणुकाबाई गेल्या. झोपेतच, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या झोपेत होत्या की काय, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर अनंतराव भेटायला गेले. पुढं डॉक्टरांपाशी गावाकडची माणसं बसली होती. डॉक्टरांनी अनंतरावांना पाहून मान हलवली आणि आत जायला सांगितलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वनमालाबाई बसल्या होत्या. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड होतं. अनंतराव समोर बसले. 

“तुमाला त्या दिवशी कळलं होतं ना?” वनमालाबाईंनी विचारलं.

अनंतराव खाली पाहत म्हणाले, “हो.”

“मला आधीच कळलं होतं. तुमाला बोलवायच्या आधीच.”

त्यांचा आवाज सपाट होता.

“चित्रं काढायचा प्रोग्राम असतो ना त्यात, तो उघडा होता. बाण फिरत होता, मी गंमत म्हणून नुसतं बटण दाबून धरलं. माउस हलवला नाही. रेघ निघाली. वाकडीतिकडी. आधी ‘व’ निघाला, मग ‘न’. मग ‘म’, मग ‘ल’. वनमला. दोन्ही काने विसरलेले. मी या घरात आले तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं, दुपारी मीच शिकवलं. माझं नाव पहिलं शिकल्या. काने त्या नेहमीच विसरायच्या.”

“पुढं काही?”

“काहीच नाही. नुसतं नाव. रोज बटण दाबून धरायची, रोज तेच. मला हाक मारत होत्या, अनंतराव. मधी एक भिंत होती. मी उठून त्यांच्यापाशी जाऊन विचारायला पाहिजे होतं, आत्याबाई, काय पाहिजे. त्याऐवजी मी तुमाला निरोप पाठवला.”

“भीती वाटली असेल, वैनी. मलापण वाटली.”

“भीती नाही,” त्या म्हणाल्या. “वर्षभर त्यांच्यासमोर बसून मी काय काय बोलले होते, ते आठवलं. त्यांना काही कळत नाही म्हणून बोलले होते.”

पुढच्या खोलीत कुणीतरी खोकलं. चुलीवर चहा उकळत होता. तो उतू जाईल असं वाटून अनंतरावांनी तिकडे पाहिलं, पण वनमालाबाई उठल्या नाहीत.

“आता बाण?” अनंतरावांनी विचारलं.

“सरळ चालतो. तुमी चांगलं दुरुस्त केलं.”

 अनंतरावांनी जायचं म्हणून टेबलाला हात टेकला, आणि तेव्हा त्यांना दिसलं. वनमालाबाईंचा उजवा हात मेणकापडावर पडलेला होता. बाकीचा हात सैल, झोपेतल्यासारखा. तर्जनी तेवढी हलत होती. कापडावरच्या फुलांवरून ती सावकाश फिरत होती, अडखळत होती, मागं येऊन पुन्हा निघत होती. वनमालाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. हाताकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

अनंतराव बोटाकडे पाहत राहिले.

‘व’ नव्हता तो.

अर्धगोल, त्याखाली दुसरा अर्धगोल. मधून एक आडवी रेघ, मग उभी. जमला नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शिकताना लहान मुलाला जमत नाही तसा. दुसऱ्या खेपेला तो ‘अ’ पुरा झाला.

बोट क्षणभर थांबलं. मग थोडं पुढं सरकून ‘न’ची गाठ वळू लागलं.